आपत्काळाची सिद्धता आणि आपले मंडळ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आताच गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला, वयोवृद्धांचा सत्कार झाला, आणि थोड्याच वेळात पंगती बसावयाच्या आहेत. अशा आनंदाच्या वेळी पूर, भूकंप आणि आग यांचा विषय काढणारा वक्ता अप्रिय वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु घरी कार्य निघाले म्हणजे अवकाळी पाऊस आलाच तर पंगती कोठे बसवावयाच्या, याचा विचार जी गृहिणी आधीच करून ठेवते, तिला कोणी अशुभ बोलणारी म्हणत नाही. उलट जाणती म्हणतात. त्याच भावनेने आमच्या आजच्या बोलण्याकडे आपण पाहावे, एवढी विनंती आहे.

आपल्या मंडळाचे बहुसंख्य सभासद कृष्णाकाठचे. वाई, सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या टापूत आपली घरे आहेत, शेती आहे, दुकाने आहेत. कृष्णामाईने आपणांस ऊस दिला, हळद दिली, घाट आणि देवळे दिली. तथापि याच खोऱ्याने गेल्या साठ वर्षांत किती प्रकारची संकटे पाहिली, ते एकदा एकत्र आठवून पाहण्यासारखे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली आणि हजारो घरे पडली. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० भाविकांचे प्राण गेले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सांगलीस महापूर आला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याहून मोठा आला, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा आला. त्या जुलैतच पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर खचून घरेच्या घरे गाडली गेली.

यांतील कोणते संकट दैवी आणि कोणते मानवी, अशी वाटणी करू गेल्यास ती नीट होत नाही. पाऊस निसर्गाचा; परंतु ओढ्यांवर आणि पूररेषेच्या आत बांधलेली घरे माणसाची. भूकंप पृथ्वीच्या पोटातला. परंतु कोयनेच्या भूकंपाचा संबंध धरणात साठविलेल्या पाण्याच्या भाराशी आहे, असे पुष्कळ शास्त्रज्ञांचे मत आहे. आणि भूकंपात माणसे मरतात ती बहुधा जमिनीच्या हादऱ्याने नव्हे, तर अंगावर पडलेल्या भिंतीने. तात्पर्य, संकट येणे आपल्या हाती नसले तरी त्याने किती हानी करावी, यातील पुष्कळ भाग आपल्या हाती असतो. तो किती आणि कोणता, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम पुराचा विचार करू. सांगलीस कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात, हे आपण सर्व जाणतो. १९२९ साली बांधून झालेला हा पूल आज सांगलीकरांचे पंचांगच होऊन बसला आहे. ४० फुटांस इशारा पातळी आणि ४५ फुटांस धोका पातळी, हे आकडे शाळकरी मुलांसही पाठ असतात. कऱ्हाडास कोयना मिळते, सांगलीच्या वेशीवर हरिपुरास वारणा मिळते आणि पुढे नृसिंहवाडीस पंचगंगा. या सर्व नद्या एकाच वेळी दुथडी भरल्या म्हणजे खालचे पाणी वरच्या पाण्यास वाट देत नाही. मग फूग चढते आणि सांगलीचे पाणी दिवसचे दिवस उतरत नाही. असा पूर चोराप्रमाणे येत नाही. तो इंचाइंचाने चढतो, पूर्वसूचना देतो आणि निघून जाण्यास अवधीही देतो. मग तरीही २०१९ साली हजारो माणसे घरांत अडकून का पडली?

त्या प्रश्नाचे एक उत्तर फार उद्बोधक आहे. २००५ च्या पुरात पाणी ५४ फुटांच्या जवळपास गेले होते. त्या पाण्याची खूण पुष्कळांनी घराच्या भिंतीवर किंवा जिन्याच्या पायरीवर मनाशी पक्की करून ठेवली होती. ‘पाच साली पाणी या पायरीपर्यंत आले होते, त्यापुढे येणार नाही’ अशा हिशेबाने कोणी माल एक फळी वर ठेवला, कोणी म्हाताऱ्या माणसांस माडीवर नेले, आणि सर्व मंडळी घरातच राहिली. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. म्हणजे अनुभव, जो माणसाचा गुरू म्हणवितो, त्यानेच त्या वेळी फसविले. मागच्या संकटाची उंची ही पुढच्या संकटाची मर्यादा नव्हे, हा त्या महापुराचा पहिला धडा आहे, आणि तो प्रत्येक पुरग्रस्त घराने त्या खुणेशेजारीच लिहून ठेवावा.

म्हणून आमचे सांगणे असे की, घर केव्हा सोडावयाचे हा निर्णय पाणी दारात आल्यावर घेण्याचा नाही. तो वैशाखात घेऊन ठेवावयाचा आहे. आयर्विन पुलाखाली किती फूट पाणी असता आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, ही माहिती सखल भागातील प्रत्येक घरी असावी. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट येथील रहिवाशांस ती पाठच असते. त्यांच्याकडे पाणी सर्वांआधी येते. इतरांनी ती त्यांच्याकडून शिकावी. आपल्या गल्लीच्या आकड्याच्या दोन फूट अलीकडचा आकडा ठरवावा, आणि तो आला की अंथरुणास खिळलेली माणसे, गर्भिणी, तान्ही मुले व गुरे यांस उंचावरच्या नातलगांकडे किंवा निवाराकेंद्रात पोचवावे. मग पाणी न आल्यास दोन दिवसांचा पाहुणचार झाला असे समजावे. न आलेल्या पुरासाठी घर सोडले म्हणून हसणारे चार लोक भेटतील. परंतु आलेल्या पुरात घर न सोडल्याचे दुःख त्या हसण्याहून किती मोठे असते, हे या सभेत बसलेल्या काही कुटुंबांस आम्ही सांगावे असे नाही.

घर सोडताना काय करावे, याविषयी थोडे तपशिलाने सांगतो. पाणी आत येण्यापूर्वी, कोरड्या जागी उभे राहून, कोरड्या हाताने विजेचा मेन स्विच बंद करावा. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी तोही बंद करावा. मेन बंद केल्यावर घरातील सर्व वीज गेली अशी समजूत असते, आणि इन्व्हर्टरची आठवण कोणासच राहत नाही. पायाखाली पाणी आलेले असल्यास मात्र स्विचला हात लावण्याच्या भरीस पडू नये. गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर दोरीने बांधून ठेवावा. पुरात सिलिंडर तरंगत जातात आणि दुसऱ्याच्या दाराशी संकट होऊन थांबतात. गोठ्यातील जनावरे नेणे शक्य नसेल तर निदान त्यांची दावी सोडावी. मोकळे जनावर पोहून वाचते, दाव्याला बांधलेले जागीच मरते. शिधापत्रिका, आधार कार्ड, सातबारा, विम्याचे कागद, बँकेची पुस्तके आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी ही सर्व एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत मृगनक्षत्रापूर्वीच भरून ठेवावी. मधुमेह, रक्तदाब अशा विकारांवरील औषधे निदान पंधरा दिवसांची असावी, कारण पुरात औषधांची दुकानेही पाण्यात असतात.

भोवती सर्वत्र पाणी आणि पिण्यास थेंब नाही, हे पुराचे मोठेच वैचित्र्य आहे. पिण्यास व स्वयंपाकास माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरले तरी पाच माणसांच्या कुटुंबास तीन दिवसांसाठी साठ लिटर लागते. तेवढे झाकणाच्या भांड्यांत माडीवर भरून ठेवणे कोणासही अवघड नाही. नंतरचे पाणी खळखळ उकळी आणूनच प्यावे. पूर ओसरला की संकट टळले असे मानू नये. ओल्या वायरिंगची तपासणी वायरमनकडून झाल्यावाचून वीज सुरू करू नये, टाक्या धुऊन घ्याव्या, आणि अनवाणी चिखल उपसू नये. त्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग पसरतात, म्हणून पुरानंतर ताप आल्यास घरगुती काढ्यावर भागवू नये. डॉक्टरांस पाण्यात वावरल्याचे आवर्जून सांगावे. अडगळीत साप आसऱ्यास आलेले असतात. दंश झाल्यास आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ दवडू नये. रोग्यास धीर देऊन, दंश झालेला अवयव हलू न देता, प्रतिसर्पविष लस असलेल्या रुग्णालयात तात्काळ न्यावे.

सांगलीचा पूर सावकाश येतो असे आम्ही म्हटले. परंतु सर्वच संकटे इतकी सभ्य नसतात. आपले पुष्कळ सभासद शिक्षणानिमित्त व नोकरीनिमित्त पुण्यास स्थायिक झाले आहेत. तेथील वृद्ध मंडळी अजून १२ जुलै १९६१ ची आठवण काढतात. त्या सकाळी बांधकाम चालू असलेले पानशेतचे धरण फुटले, खालचे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, आणि काही तासांत मुठाकाठच्या पेठा बुडाल्या. शहरास नळाचे पाणी खडकवासल्याहून येत असे, त्यामुळे पूर ओसरल्यावर पुणेकरांपुढे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. भूकंप तर तासांचीही सवड देत नाही. कोयनेचा भूकंप पहाटे साडेचारच्या सुमारास झाला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपही पहाटे चारच्या सुमारास झाला. दोन्ही वेळा माणसे गाढ झोपेत होती. तेव्हा विचार करण्यास वेळ नसतो. हातापायांस जी सवय असेल तेच घडते.

म्हणून सवय लावावयास हवी. हादरे बसू लागताच भक्कम टेबलाखाली किंवा पलंगाच्या आडोशास बसून डोके दोन्ही हातांनी झाकावे; हादरे थांबल्यावर जिन्याने बाहेर पडून मोकळ्या जागी जावे; लिफ्टचा वापर करू नये. त्याहून महत्त्वाचे काम आधीचे आहे. आपल्या जुन्या वाड्यांत माळ्यावर तांब्यापितळेची भांडी, पाटा-वरवंटा, जुन्या ट्रंका रचलेल्या असतात, आणि त्याच माळ्याखाली आजोबांची खाट असते. ती खाट आजच बाजूस सरकविण्यास कोणत्याही सरकारी अनुदानाची आवश्यकता नाही. पोटफुगी धरलेली मातीची भिंत, डोक्यावर लोंबणारी सज्जाची फरशी, हलणारा कठडा यांची दुरुस्ती भूकंपाची वाट न पाहता करावी. डोंगरपायथ्याशी ज्यांची घरे आहेत त्यांनी अतिवृष्टीत जमिनीस पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडे व खांब, आणि झऱ्याचे एकाएकी गढूळ झालेले पाणी या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. डोंगर बहुधा आधी खूण करतो, मग खचतो.

आता मनुष्यनिर्मित संकटांविषयी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांस बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांचा, त्यांत स्त्रिया व लहान मुलांचाही, अंत झाला. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या आपणांस नाही. सभोवती पाणी चढत असता ‘तुम्ही पुढच्या खेपेस या’ हे शब्द ऐकून थांबणे सोपे नसते. पण म्हणूनच पहिल्या खेपेस कोणी जावयाचे आणि दुसऱ्या खेपेस कोणी, हे पाणी येण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. मांढरदेवीसही तेच दिसले. चढणीची अरुंद वाट, दोहों बाजूंस दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, त्यांत गर्दीचा लोट आणि मग आग. यांतील एकही गोष्ट आभाळातून पडलेली नव्हती.

हे ऐकून आपण हळहळतो आणि प्रशासनास बोल लावतो. तो कोठे योग्य असेलही. परंतु आपल्याच कार्यक्रमांकडे एकदा त्या दृष्टीने पाहू या. वधूवर मेळाव्यास किंवा लग्नसराईत मंगल कार्यालयात पाचशे-सातशे माणसे जमतात. मागच्या दाराशी खुर्च्यांची चळत रचलेली असते, अहेराच्या पेट्यांनी बोळ भरलेला असतो, आणि त्या दाराची किल्ली ज्याच्याजवळ असते तो गृहस्थ जेवावयास बसलेला असतो. शेजारी आचाऱ्याच्या मोठ्या शेगड्या पेटलेल्या, सिलिंडर उन्हात ठेवलेले आणि मांडवाच्या कापडावरून विजेच्या उघड्या जोडाच्या तारा गेलेल्या, असे दृश्य कोणास अपरिचित आहे? एक ठिणगी पडली तर सातशे माणसे एकाच दाराने बाहेर पडू पाहतील. ते दार आतल्या बाजूस उघडणारे असेल तर काय होईल, याची कल्पना करवत नाही. आमची सूचना एवढीच की, यापुढे मंडळाच्या प्रत्येक समारंभात दोन स्वयंसेवक केवळ याच कामासाठी नेमावे. सर्व दारे उघडी व मोकळी आहेत ना, अग्निशामक नळकांडी भरलेली आहेत ना, मेन स्विच कोठे आहे, हे त्यांनी अक्षता पडण्यापूर्वी पाहावे. हारतुरे देण्याच्या कामाहून हे काम कमी प्रतिष्ठेचे मानू नये.

येथे कोणी विचारील की, एवढे सर्व आपणच करावयाचे तर शासन कशासाठी आहे? शासन आहे, आणि त्याची व्यवस्थाही आहे. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी १०७७, तातडीच्या सर्व मदतीचा ११२, अग्निशमन दलाचा १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक प्रत्येक घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावे. केवळ मोबाईलमध्ये नसावे; आजीस मोबाईलमधील नाव शोधता येत नाही, आणि बॅटरी संपली की ते क्रमांकही संपतात. परंतु जिल्हा मोठा आणि बोटी मोजक्या. रस्ते पाण्याखाली गेलेले, एकाच वेळी शंभर ठिकाणांहून हाका आलेल्या, अशा स्थितीत उत्तमातल्या उत्तम पथकासही आपल्या दाराशी येण्यास वेळ लागणारच. तो मधला वेळ, म्हणजे पहिला तास किंवा पहिली रात्र, शेजाऱ्याच्या हाती असतो. मातीखाली गाडलेल्यास पहिला हात देतो तो शेजारी. अंधारात दार ठोठावून ‘काकू, उठा, पाणी आले’ असे सांगतो तोही शेजारीच.

आणि येथेच आमच्या आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा येतो. आपल्या मंडळाजवळ सभासदांची उत्तम यादी आहे. त्या यादीत घराण्याचे मूळ गाव आहे, कुलदैवत आहे, शिक्षण आहे, व्यवसाय आहे, विवाहयोग्य मुलामुलींची जन्मसाले आहेत. ती तयार करण्यासाठी जुन्या कार्यकर्त्यांनी पायपीट केली आहे, तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु संकटाच्या रात्री जे विचारावे लागते ते त्या यादीत नाही. कोणत्या घरी एकटी वृद्धा राहते? कोणास आठवड्यातून दोन वेळा डायलिसिसला न्यावे लागते? कोणास ऐकू येत नाही, म्हणून बाहेरून मारलेली हाक पोचणार नाही? कोणाच्या घराची दुसरी किल्ली कोणाजवळ आहे? आणि मुख्य म्हणजे ती यादी ज्ञातीची आहे, गल्लीची नाही. गावभागातील आपल्या सभासदाचा सर्वांत जवळचा ज्ञातिबंधू कदाचित विश्रामबागेस राहत असेल. मध्ये पाणी आल्यावर तो तळमळण्यापलीकडे काय करणार? त्या सभासदाच्या भिंतीस भिंत लागून जे घर आहे, ते मात्र आपल्या यादीत नाही.

म्हणून आमचे मागणे असे आहे की, मंडळाने या वर्षी दुसरी एक यादी करावी, आणि ती गल्लीवार करावी. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घराच्या आजूबाजूच्या दहा घरांची नोंद करावी. त्या दहांत आपल्या ज्ञातीचे एकच घर असेल, किंवा एकही नसेल. मराठा असतील, जैन असतील, मुसलमान असतील, दलित असतील, परप्रांतातून आलेला भाडेकरू मजूर असेल. त्या प्रत्येक घरात अशक्त कोण, पोहता कोणास येते, शिडी कोणाकडे, दोर कोणाकडे, पक्की गच्ची कोणाची, परिचारिका कोण, वायरमन कोण, हे लिहावे. हे काम चौकशी करणाऱ्या पाहुण्यासारखे करावयाचे नाही. प्रथम आपल्या घरची माहिती त्यांस द्यावी, मग त्यांची मागावी. अशी यादी झाली की त्या गल्लीची तयारी अर्धी झाली असे समजावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे, म्हणून त्यास उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. मंडळ ज्ञातीचे, वर्गणी ज्ञातीची, निधी ज्ञातीच्या वाडवडिलांनी जमविलेला. तो ज्ञातीबाहेर का खर्चावा? महापुरानंतर मदत गोळा होते तेव्हा ‘यांत आपले किती?’ हा प्रश्न मनात येणे मनुष्यस्वभावास धरून आहे. आमचे उत्तर असे की, शिष्यवृत्तीचा निधी शिष्यवृत्तीस, वसतिगृहाचा वसतिगृहास. त्यास कोणी हात लावू म्हणत नाही. परंतु आपत्काळासाठी जो निधी उभारावयाचा तो प्रारंभापासूनच गल्लीसाठी असावा, आणि तो देताना जात विचारली जाणार नाही असे ठरावातच लिहून ठेवावे. दोर आपल्या निधीतून घेतला म्हणून तो आपल्याच माणसास ओढील असे नाही. आणि आपल्या माणसास ओढणारे हात बहुधा दुसऱ्याच घरचे असतील. पुरात नाव घेऊन येणारा नावाडी कोणत्या समाजाचा, हे नावेत बसताना आपल्यापैकी कोणीही विचारणार नाही. जे घेताना विचारावयाचे नाही ते देताना का विचारावे?

आमच्या पूर्वजांनी ही संस्था काढली तेव्हा त्यांच्यासमोर खेड्यातून शहरात आलेली, अनोळखी वस्तीत एकटी पडलेली कुटुंबे होती. त्यांस आधार मिळावा, ही त्यांची इच्छा होती. आज एकटेपणाने दुसरे रूप घेतले आहे. मुले पुण्यास, मुंबईस, काही अमेरिकेस व आखाती देशांत. घरी दोघे वृद्ध, आणि शेजारच्यांचे नाव दारावरच्या पाटीपुरते ठाऊक. ही स्मरणिका परदेशी असलेल्या आपल्या तरुणांच्याही हाती जाते, म्हणून त्यांस एक गोष्ट आवर्जून सांगतो. आईवडिलांसाठी आपण घरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसविले, कॅमेरे लावले, हे योग्यच केले. परंतु पुरात प्रथम वीज जाते आणि मागोमाग दूरध्वनी. त्या वेळी हजारो मैलांवरून आपणांस एकच गोष्ट उपयोगी पडेल, ती म्हणजे शेजारच्या घरी असलेली ओळख. पुढच्या सुट्टीत घरी आलात की दहा मिनिटे त्या दारी जाऊन बसा, चहा घ्या, आणि क्रमांक घेऊन जा.

स्त्रियांच्या शाखेस आणि तरुण मंडळीस आमची विशेष विनंती आहे. गल्लीत कोण आजारी, कोणाची सून बाळंतपणास आली, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, ही माहिती पुरुषांच्या सभेत नसते. ती भगिनींजवळ असते. गल्लीची यादी त्यांच्यावाचून पुरी होणार नाही, म्हणून त्या कामाची सूत्रे त्यांच्याच हाती द्यावी, केवळ साहाय्य मागू नये. तरुणांनी प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे, पोहण्यास शिकावे, आणि शासनाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांस जे प्रशिक्षण मिळते त्याचा लाभ घ्यावा. मात्र पोहता येते म्हणून पुराच्या धारेत उडी घेणे हे शौर्य नव्हे. बुडणाऱ्यास काठी द्यावी, दोर फेकावा, रिकामा बंद डबा किंवा ट्यूब टाकावी. वाचविणारा बुडाला तर वाचविण्याचे काम दुप्पट होते. आणखी एक संयम हवा तो बोलण्याचा. ‘धरण फुटले’ असे कोणी मोबाईलवर पाठविले की खातरजमा न करता ते पुढे ढकलणे, हेही मनुष्यनिर्मित संकटच आहे. नियंत्रण कक्षास विचारावे, मगच दुसऱ्यास सांगावे.

समारोपादाखल तीन ठोस सूचना मंडळाच्या कार्यकारिणीपुढे ठेवतो. पहिली, येत्या अक्षय्यतृतीयेपर्यंत प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या दहा घरांची यादी पुरी करावी; तिची एक प्रत गल्लीतच दोन घरी राहावी, कारण पूर आल्यावर मंडळाच्या कपाटातील यादीचा उपयोग नाही. दुसरी, दरवर्षी मृगापूर्वीच्या एका रविवारी गल्लीतील सर्वांनी मिळून सराव करावा. कोणी कोणास उठवावयाचे, कोणी कोणास उचलून न्यावयाचे, कोणत्या गच्चीवर जमावयाचे, हे प्रत्यक्ष पायांनी चालून पाहावे. तिसरी, मंडळाचे हे सभागृह आपत्काळात गल्लीतील सर्वांसाठी, कोणताही भेद न करता, खुले राहील, असा ठराव आजच्याच सभेत संमत करावा. यांत मोठा पैसा लागत नाही. मनाची थोडी तयारी मात्र लागते, आणि ती याच सभागृहात होऊ शकते, असा आमचा विश्वास आहे.

कृष्णामाई पुन्हा पात्र सोडणारच नाही, असे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती रात्र आलीच, तर आपल्या सभासदाच्या दारावर थाप पडावी, आणि आपल्या सभासदाने उठून पुढच्या दारावर थाप द्यावी, एवढी व्यवस्था आपण निश्चित करू शकतो. ती करण्याची बुद्धी व बळ श्रीकृपेने आपणां सर्वांस लाभो, अशी प्रार्थना आहे.